डोक्यातली विजी

लाल दिवा लागला तसा माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. सवय, दुसरं काय. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, लाल दिसलं की पाय ब्रेकवर जातो. इथे टेबलाखाली ब्रेक नव्हता, समोर बसलेल्या विजयालक्ष्मी येमूल बाईंची चप्पल होती. त्यांनी पाय मागे ओढला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढणार कशा? आमचं बोलणं बंद आहे.

मी महानंदा बिराजदार. सोलापुरात आमचं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. आता गाड्या स्वतःच चालतात, त्यामुळे लोक पेटी किंवा पोहणं शिकायला जावं तसे माझ्याकडे हौसेने येतात. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. हौशी माणूस निदान सांगितलेलं ऐकतो. माझी स्वतःची हौस म्हणजे अक्षरपट. पिशवीतून सात इंग्रजी अक्षरं काढायची आणि ती जुळवून पटावर शब्द मांडायचा. सातही अक्षरं एका शब्दात बसली तर गुणांची लयलूट. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्या दिवशी नाशिकच्या सभागृहात राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना चालू होता, खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि जिंकणारी बाई भारताच्या संघातून खेळायला परदेशी जाणार होती. आणि तिसऱ्याच खेळीला माझ्या बाजूच्या डबीवर लाल दिवा लागला. त्याचा अर्थ सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होता: बाई चोरी करते आहे.

हे दिवे का आले, ते सांगते. अक्षरं दाखवली की त्यांत दडलेले सगळे शब्द काढून देणारा शब्दशोध्या काही नवा नाही. तो फोनमध्ये होता तोवर फोन बाहेर ठेवायला सांगून भागत होतं. मग तो चष्म्यात शिरला. मग दाढेत. दाढेत बसवलेला तांदळाएवढा तुकडा हाडातून थेट कानाशी बोलतो, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. गेल्या साली एका गृहस्थांनी उपांत्य फेरीत असे काही शब्द मांडले की पंचांनी सामना थांबवून त्यांना आ करायला लावला. नंतर तर सगळेच सगळ्यांच्या तोंडाकडे संशयाने बघायला लागले. कुणी जांभई दिली तरी हरकत घेतली जायची.

मग आली उगमपट्टी. डोक्याभोवती बांधायची, कानांवरून जाणारी, मऊशी पट्टी. ती विचार वाचत नाही, एवढंच बघते की शब्द आला कुठून. आपण काही बोलायच्या आधी, अगदी मनातल्या मनात बोलायच्या आधीसुद्धा, मेंदूतलं बोलण्याचं केंद्र ऐकण्याच्या केंद्राला वर्दी देतं, की हा आवाज आपलाच आहे, दचकू नको. वर्दी मिळाली की ऐकण्याचं केंद्र शांत राहतं. घरातलं माणूस आलं की दारातलं कुत्रं भुंकत नाही, तसं. म्हणून तर स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही. पण बाहेरून आलेल्या शब्दाची वर्दी नसते, आणि ऐकण्याचं केंद्र खडबडून जागं होतं. मेंदूच्या पेशी कामाला लागल्या की नावापुरतं चुंबकत्व तयार होतं, ते या पट्टीतल्या संवेदकांना कळतं. शब्द वर्दी देऊन आला तर डबीवर हिरवा दिवा, न देता आला तर लाल. पट्ट्या महाग, म्हणून यंदा फक्त अंतिम सामन्यासाठी दोन मागवल्या होत्या. एक माझ्या डोक्याला, एक विजीच्या, म्हणजे समोरच्या येमूलबाईंच्या.

आणि दिवा लागला तो माझा. विजीचा प्रत्येक वेळी हिरवागार. ही बाई शाळेतही अशीच होती, दंगा दोघींचा आणि बाकावर उभी मी.

मुख्य पंच दिंडोरकर बाईंनी घड्याळं थांबवली. "बिराजदारबाई, जरा आत या," त्या म्हणाल्या. सभागृहात कुजबूज सुरू झाली. सामना घराघरांत दिसत होता. आमचे मालक सोलापुरात स्कूलबाहेर मोठा पडदा लावून गल्लीला दाखवत बसले असणार, हे मनात आलं आणि माझे कान तापले.

आतल्या खोलीत समितीने दातांच्या डॉक्टरीण बाई तयारच ठेवल्या होत्या. त्यांनी माझी एकेक दाढ ठोकून पाहिली, कानात बॅटरी मारली, केसांतून हात फिरवला.

"हे रूट कॅनल कुठे केलंत?"

"सोलापुरात."

"छान केलंय," त्या म्हणाल्या आणि दिंडोरकर बाईंकडे वळल्या. "काही नाही. स्वच्छ आहे तोंड."

"मग पट्टी बिघडली असेल," मी म्हटलं.

पट्टी बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर मुजावरसाहेब तिथेच होते. गडी सांगलीकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला नम्र. त्यांनी पट्टी स्वतःच्या डोक्याला लावून पाहिली, हिरवा. दिंडोरकर बाईंच्या डोक्याला लावली, हिरवा. माझ्या डोक्याला लावली आणि म्हणाले, "ताई, कुठलीही अक्षरं मनात धरा."

मी धरली. ए, ई, आय, एन, आर, एस, टी. अक्षरांना हिरवा दिवा लागला. आणि लगेच पाठोपाठ लाल.

"पट्टी ठीक आहे," मुजावरसाहेब हळूच म्हणाले. "ताई, अक्षरं तुमची आहेत. शब्द तुम्हाला कुणीतरी सांगतंय."

आता पंचाईत झाली. कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. शब्द मला नेहमी कुणीतरी सांगतं. पहिल्यापासून सांगत आलंय. मला वाटायचं की सगळ्यांना असंच ऐकू येत असेल, कुणाला आईचा आवाज, कुणाला सरांचा. याबद्दल कुणाला विचारायचं कधी डोक्यात आलं नाही. आपण श्वास कसा घेतो हे कोण कुणाला विचारतं?

मुजावरसाहेब म्हणाले, "आवाज ऐकता येईल. ऐकण्याच्या केंद्रात प्रत्येक सुराची आपली ठरलेली जागा असते. कुठली जागा कधी जागी झाली याची नोंद पट्टीत आहे. तेच सूर त्याच क्रमाने वाजवले, की आत जे ऐकू आलं ते थोडंफार बाहेर ऐकता येतं."

दिंडोरकर बाईंनी मान हलवली. नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्यालाही हजर ठेवावं लागतं म्हणून विजीला आत बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, पदर खोचून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. मुजावरसाहेबांनी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एका पोरीचा आवाज, चौदा-पंधरा वर्षांची असेल, नाक चोंदलेलं, पाढे म्हणावेत तशा ठेक्यात: "रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर, स्टिअरिन!" शेवटच्या शब्दाला आवाज वर चढवलेला, बघा कसं आलं मला, अशा थाटात.

मी विजीकडे पाहिलं नाही, पण कॅलेंडरचं पान हातात धरून ती उलटायचं विसरली होती, एवढं दिसलं.

"हा आवाज कुणाचा?" दिंडोरकर बाईंनी विचारलं.

आता जरा विचार करा. समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी बाईचं नाव मी घेतलं असतं, तर दोघी मिळून काही कट करतात असा संशय आला असता. तिच्यावरही शिक्का बसला असता. आणि तिचं नाव घ्यायचं म्हणजे इतकी वर्षं जिच्याशी बोलले नाही, तिच्याच जिवावर खेळते असं चारचौघांत कबूल करायचं. मी दोन्ही केलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आमचं बिनसलं ते याच खेळावरून. जिल्ह्याच्या निवड चाचणीत मी एक शब्द मांडला आणि विजीने त्याला आव्हान दिलं. शब्दकोश काढला, तो शब्द नव्या आवृत्तीतून गाळलेला निघाला, माझी खेळी बाद झाली आणि संघातली जागा गेली. मी म्हटलं, "घरचं माणूस आव्हान देतं का गं?" ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम." त्यानंतर तिच्या पोराच्या लग्नाचा आहेर मी कुरियरने पाठवला. तिने पोचपावतीही कुरियरनेच दिली.

दिंडोरकर बाईंनी चष्मा काढून पुसला. "बाई, माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. तुम्हाला बाद करायचं आणि तुमचं नाव गैरप्रकारांच्या यादीत टाकायचं. नाहीतर..." त्यांनी मुजावरसाहेबांकडे पाहिलं.

"शांतक," मुजावरसाहेब म्हणाले. "आठवणीतले आवाज छळतात अशा रुग्णांसाठी बनवलेलं यंत्र आहे. कानामागे लावायचं, चुंबकाचे बारीक ठोके द्यायचे. त्रास काही नाही. शब्द तुमचे तसेच राहतील, फक्त आवाज जाईल. शब्द मुका येईल आणि दिवा हिरवा लागेल."

"पुन्हा आणता येतो आवाज?"

"नाही ताई. गेला की गेला."

खरं सांगते, मला वाटलं, बरंच आहे की! या बाईला डोक्यातून घालवायचा मी किती प्रयत्न केला होता. तिची गल्ली टाळली, तिच्या दुकानातल्या चादरी टाळल्या, भिशी सोडली. नुसत्या ठोक्यांनी ती जाणार असेल तर वाईट काय? नाव साफ राहील, सामना खेळता येईल, कदाचित जिंकताही येईल.

"लावा," मी म्हणाले.

मुजावरसाहेबांनी कानामागे वाटीसारखं काहीतरी गार टेकवलं. "नेमकी जागा सापडायला हवी. ताई, अक्षरं धरा मनात. उत्तर येऊ द्या."

मी डोळे मिटले. ए, ई, एल, आर, एस, टी. आणि आली की ती. "अलर्ट्स, ऑल्टर्स, स्टेलर, स्लेटर!" नाक ओढत, घाईघाईत, कुणी दुसऱ्याने आधी उत्तर देऊ नये म्हणून. शाळा सुटल्यावर तिच्या घरी मागावर बसलेल्या तिच्या वडिलांसमोर आम्ही हेच म्हणायचो, आणि मागाच्या खटखटीत तिला ओरडावं लागायचं. ती खटखटसुद्धा ऐकू येत होती. माझा राग होता तो बाहेरच्या विजीवर. या पोरीने माझं काय वाकडं केलं होतं? ती तर दर वेळी, मी विचारलं की, न चुकता उत्तर देत आली होती. बोलणं बंद असतानासुद्धा.

मी वाटी बाजूला सारली. "नको. टाका माझं नाव यादीत."

"बाई, विचार करा," दिंडोरकर बाई म्हणाल्या. "आयुष्यभराचा डाग आहे."

"असू दे डाग. ही पोरगी माझ्याकडेच राहू दे."

तेव्हा विजीने कॅलेंडर सोडलं.

"तो आवाज माझाय," ती म्हणाली. "आणि एवढं शेंबडं बोलत नव्हते मी. त्या यंत्राचीच चूक असणार."

"बोलत होतीस," मी म्हणाले. खूप वर्षांनी तिच्याशी बोललेला पहिला शब्द हा.

दिंडोरकर बाई उठून उभ्या राहिल्या. "येमूलबाई, तुमचा आवाज यांच्या डोक्यात कसा?"

"बसा की बाई, सांगते. आमच्या शाळेत इंग्रजीच्या मॅडम रजेवर गेल्या त्या गेल्याच. त्यांच्या तासाला गणिताचे क्षीरसागर सर यायचे. त्यांना इंग्रजी शिकवायचं म्हणजे काय तेच कळत नव्हतं. त्यांना एकच माहीत, पाढे. मग त्यांनी इंग्रजीचेही पाढे केले. अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावायची आणि त्यातनं निघणारे शब्द घोकायचे. पाढ्याला जसं एका ओळीनं 'बे एके' म्हणायचं आणि दुसरीनं 'बे' म्हणून उत्तर द्यायचं, तसंच इथंही. खिडकीकडच्या ओळीनं अक्षरं म्हणायची, भिंतीकडच्यांनी शब्द. ही खिडकीकडं बसायची, मी भिंतीकडं. हिनं आख्ख्या शाळेत एकदाही शब्द म्हटला नाही. नुसतं ऐकलं. घरी येऊनसुद्धा तसंच, ही विचारायची, मी सांगायची. मग हिच्या डोक्यात शब्द कुणाच्या आवाजात असणार?"

मुजावरसाहेब खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. "म्हणजे शब्द यांच्या मेंदूत ऐकलेला म्हणूनच साठवलाय, म्हटलेला म्हणून नाहीच. वर्दी येणार कुठून!" त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शांतकाची वायर गुंडाळून टाकली.

"हे पटण्यासारखं आहे," दिंडोरकर बाई म्हणाल्या, "पण तुमच्या दोघींच्या शब्दावर मी निर्णय कसा देऊ? तुम्ही त्यांच्या मैत्रीण आहात."

"मैत्रीण कुठली? बोलत नाही आम्ही," विजी म्हणाली. मग तिने स्वतःची पट्टी मुजावरसाहेबांपुढे धरली. "ही माझ्यावर लावा पुन्हा. तुम्ही फक्त शब्द आला की बघताय, होय की नाही? शब्दाच्या आधी बघा."

"आधी नुसती अक्षरं असतात. सामन्यात ती समोर दिसतात, म्हणून तेव्हा आम्ही ती धरतच नाही."

"धरून तर बघा."

त्यांनी पट्टी लावली, डबीची कळ फिरवली आणि तिच्यापुढे सात अक्षरं ठेवली. विजीने ती पाहिली. डबीवर लाल दिवा लागला. मग शब्द आला आणि दिवा हिरवा झाला. मुजावरसाहेबांनी काही न विचारता बटण दाबलं. खरखर झाली आणि खोलीत एक दुसरीच पोरगी ओरडली. खणखणीत, हुकूम सोडल्यासारखं: "ए! ई! जी! आय! एन! आर! टी! सांग की लवकर!"

तो आवाज माझा होता. मी इतकी दरडावत होते हे मला माहीत नव्हतं, पण आमच्या स्कूलमधल्या शिकाऊ लोकांनी लगेच ओळखलं असतं.

"दिसतात की डोळ्यांनी अक्षरं," विजी माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण ही कानात ओरडल्याशिवाय मला एक शब्द सुचत नाही. हिच्याशी भांडले, त्या दिवशीही हीच ओरडत होती आत. हिचाच शब्द पाडायला हिचीच मदत घेतली मी." ती आता माझ्याकडे वळली. "तो गाळलेला शब्द तुला मीच शिकवला होता, नंदे. आवृत्ती बदलली ते मला आदल्या दिवशी कळलं होतं. तुला फोन करायला पाहिजे होता."

"पाहिजे होता," मी म्हणाले. "आहेरातलं पातळ तरी नेसलीस का?"

"तेच नेसलेय की, बघ." मी पाहिलं. खरंच तेच होतं, मोरपंखी, लाल काठाचं. सकाळपासून समोर बसून मी फक्त तिची चप्पल पाहिली होती.

दिंडोरकर बाई बराच वेळ नियमांची पुस्तिका चाळत होत्या. शेवटी त्यांनी ती मिटली. "बाहेरच्या व्यक्तीने खेळाडूला मदत केली तर काय करायचं ते यात आहे. एकमेकींविरुद्ध खेळताना दोघींनी एकमेकींनाच मदत केली तर काय, ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या कल्पनेपलीकडचं आहे हे." त्या हसल्या. "आठवण ज्याच्या डोक्यात, त्याची. आवाज कुणाचाही असो. पट्ट्या काढा आणि बाहेर जाऊन बसा. घड्याळं सुरू करते."

बाहेर आलो तेव्हा लोक उभे होते. पंचांनी निर्णय सांगितला. अर्ध्यांना कळला, अर्ध्यांना नाही, टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. आम्ही बसलो. या वेळी मी पाय जपून ठेवले.

सामना रंगला. विजी कधीच कुणाला दया दाखवत नाही, तिने मला पुरतं घेरलं. पिशवी रिकामी झाली तेव्हा ती पुढे होती, तिच्याकडे दोनच अक्षरं उरली होती आणि पुढच्या खेळीला ती संपवून मोकळी होणार होती. माझ्याकडे सात. पटाच्या उजव्या कडेला एकच जागा, तीही अशी की शब्दाच्या शेवटी एस आला तरच बसेल. सातच्या सात लागली तर मी जिंकणार, नाही तर विजी.

मी अक्षरं क्रमाने लावली. डी, ई, आय, ओ, आर, एस, टी. म्हणाले मनात. आणि ती बोललीच, नाक ओढत, विनाविलंब: "एडिटर्स, स्टेरॉइड, स्टोरीड, ट्रायोड्स!"

एडिटर्स. शेवटी एस. बसत होता.

मी सोंगट्या हातात घेतल्या आणि तशीच थांबले. आत्ताच तर बोलायला लागलो होतो. तिनेच सांगितलेल्या शब्दाने तिला हरवायचं, हे काही मनाला पटेना. हात पुढे जाईना. घड्याळ चाललं होतं, पंच माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा एकदा मनात अक्षरं म्हटली. म्हणताना माझे ओठ हलतात म्हणे, शाळेपासून.

समोरून विजी पुढे वाकली आणि खालच्या आवाजात, दात-ओठ खात म्हणाली, "घाल की गं आता. कधीपास्नं सांगायलेय!"